पुस्तक भिशी मोडू नका, फक्त सगळ्यांना एकच पुस्तक देऊ नका

प्रिय ताई,

तुमचं पत्र मस्त लांबलचक होतं, बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताई कोथरूडला राहतात, बँकेतून रिटायर झाल्यात आणि आठजणींची पुस्तक भिशी चालवतात. मुलगा डब्लिनला नोकरीला आहे, मे महिन्यात त्या त्याच्याकडे जाणार आहेत, म्हणून त्यांनी ठरवलं की यंदा भिशीत आयरिश पुस्तकं वाचायची, आणि बुकर मिळालंय म्हणून पॉल लिंच यांचं 'प्रॉफेट साँग' घेतलं, तर ते एकीनेही पूर्ण केलं नाही. आता एकजण म्हणते मला डिटेक्टिव्हच पाहिजे, एकीला फक्त प्रवासवर्णन, एकीचं म्हणणं आत्मचरित्र म्हणजे लोकांच्या घरातली धुणी आपण कशाला धुवायची, एकीला प्रेमकथा हवी, दोघींना इंग्रजी वाचणं जमत नाही, आणि मागच्या वेळी सगळ्या खिचडी-काकडी खाऊन घरी गेल्या, पुस्तकाचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. ताई विचारतात की सगळ्यांना आवडतील अशी वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं सांगा, आयरिश कथा-कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं पण हवीत, आणि ही भिशी टिकेल का?

टिकेल हो. पण आठहीजणींना आवडेल असं पुस्तक शोधत बसलात तर मात्र कठीण आहे, कारण असं पुस्तक म्हणजे कोणालाच न दुखवणारं पुस्तक, आणि त्यावर बोलायला काही उरत नाही. माझं म्हणणं असं की महिन्याचं पुस्तक ठरवायचंच नाही, महिन्याचा विषय ठरवायचा, आणि त्या विषयावरचं एक मराठी आणि एक आयरिश पुस्तक ठेवायचं, जिला जे झेपेल ते तिने वाचायचं, दोन्ही वाचली तर उत्तमच. म्हणजे इंग्रजी न वाचणाऱ्या दोघी कोपऱ्यात बसून नुसतं ऐकणार नाहीत, उलट अर्धी मीटिंग त्यांचीच असेल. आणि अनोळखी देशाच्या पुस्तकात शिरताना हाताशी आपलं वाचलेलं काहीतरी असलं ना की खूप फरक पडतो, तिकडची माणसं लगेच ओळखीची वाटायला लागतात.

'प्रॉफेट साँग'बद्दल आधी बोलून टाकते कारण तुम्ही लिहिलंय की आयरिश लोकांचं आपल्याला जमणार नाही असं आता सगळ्यांना वाटतंय. तसं अजिबात नाहीये. पुस्तक मोठंच आहे, २०२३ चं बुकर त्याला मिळालं ते योग्यच होतं असं मला वाटतं, आयर्लंडमध्ये हुकूमशाही येते, कामगार संघटनेत काम करणाऱ्या नवऱ्याला गुप्त पोलीस उचलून नेतात आणि चार मुलांची आई घर धरून ठेवायला बघते, असं कथानक आहे. पण त्यात परिच्छेद जवळपास पाडलेच नाहीत, संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, कोण बोलतंय ते शोधत जावं लागतं आणि वाचणाऱ्याचा श्वास कोंडतो, लेखकाला तेच साधायचंय. अशा पुस्तकाने सुरुवात केली तर गाडी तिथेच अडणार. ते बाजूला ठेवा, वर्षभराने परत काढा.

पहिला विषय मी सुचवेन दुसऱ्याच्या घरी राहिलेलं मूल. आयरिश पुस्तक क्लेअर कीगन यांचं 'फॉस्टर', २०१० चं, शंभर पानांच्या आतलं, एका दुपारी होऊन जातं. साल १९८१, उन्हाळा, घरात पोरं खूप, आईला परत दिवस गेलेत, म्हणून एका छोट्या मुलीला बाप वेक्सफर्डकडच्या नातेवाईकांच्या शेतावर सोडून येतो, किती दिवसांसाठी ते तिला कोणी सांगत नाही, आणि जाताना तिचे कपडे गाडीतून काढून द्यायचंसुद्धा त्याला सुचत नाही, तसाच निघून जातो. त्या घरात तिला पहिल्यांदाच कोणीतरी नीट आंघोळ घालतं, केस विंचरतं, तिच्याकडे बघतं. एवढंच. पण त्या घराचंही एक दुःख आहे, ते मी सांगत नाही. कीगन बाई एक शब्द जास्तीचा लिहीत नाहीत, आणि भाषा इतकी सोपी की इंग्रजी हळू वाचणाऱ्यांनीसुद्धा भ्यायचं कारण नाही. यावर 'द क्वाएट गर्ल' नावाचा सिनेमा २०२२ मध्ये आला, तो बराचसा आयरिश भाषेत आहे आणि आयरिश भाषेतला ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेला तो पहिला सिनेमा, त्यात बोलणं फारच कमी आहे, तुमच्या त्या दोघींबरोबर बसून बघा, अडलं तर एकीने सांगायचं.

आणि मराठी कुठलं? प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. लंपन! आई-बाबांपासून लांब आजी-आजोबांकडे राहिलेला मुलगा, त्याचं ते मॅडसारखं सगळं, आणि मधूनच एकदम घशाशी येणारी घरची आठवण. 'फॉस्टर'मधली मुलगी गप्प असते आणि लंपनच्या डोक्यात सतत बडबड चालू असते, पण दोघांना मोठ्या माणसांमधलं न सांगितलेलं सगळं कळतं, ते कसं कळतं यावरच तुमचा तास जाईल बघा. भिशीतल्या कित्येकजणी लहानपणी मामाकडे, आत्याकडे शिकायला राहिल्या असतील, त्या बोलायला लागल्या की थांबणार नाहीत.

दुसरा विषय जरा जड आहे, पण टाळू नका. सगळ्या गावाला माहीत असतं आणि गाव गप्प राहतं. इथे परत कीगन बाईच, 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज', २०२१. न्यू रॉस नावाचं गाव, १९८५ चा नाताळ जवळ आलाय, बिल फर्लाँग कोळसा आणि लाकूड विकतो, पाच मुली, बायको संसाराला हुशार, कर्ज नाही, सगळं बरं चाललंय. कॉन्व्हेंटला कोळसा टाकायला जातो तेव्हा त्याला तिथल्या कोळशाच्या खोलीत कोंडलेली एक मुलगी दिसते. हा स्वतः लग्नाशिवाय आई झालेल्या बाईचा मुलगा, त्याच्या आईला तिच्या मालकिणीने हाकललं नाही म्हणून तो आज जिथे आहे तिथे आहे. आता तो काय करणार? बायको सांगते आपल्याला काय करायचंय, आपल्या मुली त्याच नन्सच्या शाळेत आहेत. आणि ती बायको वाईट नाहीये हो, तिथेच तर पुस्तकाची ताकद आहे, आपणही तेच म्हटलं असतं असं वाचताना सारखं वाटत राहतं.

त्या कॉन्व्हेंटमध्ये आहे ती मॅग्डलीन लाँड्री, आणि ती काही कल्पना नाही. लग्नाशिवाय दिवस गेलेल्या, गरीब, अनाथ, कुटुंबाला नकोशा झालेल्या मुली-बायकांना तिथे ठेवून पगाराशिवाय धुण्याचं काम करून घेतलं जायचं, चर्चच्या संस्था त्या चालवायच्या आणि सरकार बघत होतं. शेवटची लाँड्री बंद झाली ती १९९६ मध्ये, म्हणजे आपल्याकडे घरोघरी केबल टीव्ही आला होता तेव्हा. सरकारने जाहीर माफी मागितली २०१३ मध्ये. तुमचा मुलगा ज्या झगमगीत डब्लिनमध्ये ऑफिसला जातो तिथल्या साठीच्या पुढच्या बायकांना हे सगळं नुसता इतिहास म्हणून नाही, आपल्या काळातलं म्हणून माहीत असणार.

याच्या जोडीला तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. १९६७ चं नाटक. सुशिक्षित, पांढरपेशी माणसं गंमत म्हणून खटला खटला खेळतात आणि त्या खेळात लीला बेणारेला कोपऱ्यात गाठून फाडून खातात, कारण ती लग्नाशिवाय गरोदर आहे. नाटक आहे म्हणजे वाचून यायची पण गरज नाही, आठजणी आहात, भूमिका वाटून घ्या आणि मोठ्याने वाचा. आमच्या ओळखीच्या एका ग्रुपने असं वाचन केलं होतं आणि न्यायाधीश झालेल्या काशीकरांचे संवाद वाचणाऱ्या बाईंना मधेच थांबून पाणी प्यावं लागलं, इतकं ते अंगावर येतं. आयर्लंडमध्ये चर्च होतं, आपल्याकडे तशी एक संस्था नव्हती, तरी निकाल तोच लागतो, तो का, हे बोला.

आता तिसरा विषय, आत्मचरित्र. लोकांच्या घरातली धुणी म्हणणाऱ्या तुमच्या मैत्रिणीचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, काही आत्मचरित्रं खरंच तशी असतात, हिशेब चुकते करायला लिहिलेली. चांगलं आत्मचरित्र कसं ओळखायचं ते मला असं वाटतं, लिहिणाऱ्याला स्वतःची बाजू मांडण्यापेक्षा ती माणसं परत समोर उभी करायची घाई असते. तिला फ्रँक मॅकॉर्ट यांचं 'अँजेलाज अ‍ॅशेस' द्या. जन्म १९३० चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, आणि सगळे आयरिश लोक अमेरिकेला जात असताना हे कुटुंब उलटं परत आयर्लंडला येतं, लिमरिकला. बाप मिळतील ते पैसे दारूत घालवतो, भावंडं मरतात, खालच्या मजल्यात पावसाचं पाणी भरतं म्हणून सगळे वरच्या कोरड्या खोलीत राहायला जातात आणि त्या खोलीला इटली म्हणतात, कारण तिथे ऊब आहे! असं हसवून हसवून हा माणूस रडवतो. आणि बाप वाईट असूनही तो रात्री मुलांना गोष्टी सांगतो, त्या गोष्टींसाठी मुलगा त्याच्यावर जीव टाकतो, हे लेखक लपवत नाही. इथेही संवादांना अवतरणचिन्हं नाहीत बरं का, पण कुठे अडत नाही, कारण सगळं एका लहान मुलाच्या तोंडून येतं. मॅकॉर्ट न्यूयॉर्कमध्ये आयुष्यभर शाळामास्तर होते, पुस्तक आलं १९९६ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी पुलित्झर. तुमच्या भिशीत कोणाला आता या वयात काय लिहिणार वाटत असेल तर तिलाही सांगा. ऑडिओबुक त्यांच्याच आवाजात आहे, ते मिळालं तर आधी तेच ऐका, त्या आवाजात जे आहे ते छापील पानावर येत नाही.

आणखी एक, लिमरिकमधल्या काही लोकांना हे पुस्तक पटलं नाही, आमचं गाव एवढं वाईट नव्हतं, हे वाढवून सांगितलंय असं ते म्हणाले. हा वाद भिशीत जरूर आणा. आठवण कोणाची खरी, हा प्रश्न आपल्या प्रत्येकीच्या घरात आहे, भावंडं एकत्र जमली की कळतं.

मराठी जोडीला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', १९३४ पासून भागाभागाने आलेलं. वाचलंय म्हणाल, शाळेत धडा होता म्हणाल, पण धडा वेगळा आणि पूर्ण पुस्तक वेगळं, परत वाचा. वडिलांचं सोवळं असं की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, नवरा कवी, कधी काय करेल नेम नाही, मग त्याने ख्रिस्ती धर्म घेतला आणि ही बाई मागे एकटी. आणि तरी पानापानाला हसू. मॅकॉर्ट आणि लक्ष्मीबाई शेजारी शेजारी ठेवले की दिसतं की दोघांनाही कडवटपणाला वेळच नाही. 'बलुतं' मात्र मी या जोडीत मुद्दाम घालत नाही. दया पवारांचं १९७८ चं ते पुस्तक तुम्ही वाचलं नसेल तर त्याच्यासाठी अख्खा महिना द्या, लिमरिकची गरिबी दारूने आणि बेकारीने आलेली, 'बलुतं'मधलं दुःख जातीने लादलेलं, दोन्ही एकाच तराजूत टाकलं तर दोन्हीवर अन्याय होतो.

बायकांची आत्मचरित्रं हवीच असतील तर न्यूअला ओफेलॉन यांचं 'आर यू समबडी', १९९६. या आयरिश टाइम्स या वर्तमानपत्रात स्तंभलेखिका होत्या. लेखांच्या संग्रहाला प्रस्तावना म्हणून लिहायला बसल्या आणि ती प्रस्तावनाच वाढून आत्मचरित्र झाली, बाप नावाजलेला पत्रकार, आई दारूत बुडालेली, स्वतः एकटी. सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' आवडलेल्या प्रत्येकीला मी हे पुढे करते. आणि जॉन मॅकगाहर्न यांचं 'मेमॉयर', २००५ चं. ताई, हे भिशीत नेऊ नका, तुम्ही एकट्याच वाचा. आई शिक्षिका, बाप पोलीस सार्जंट, कडक आणि लहरी, लीट्रिम भागातल्या गल्ल्यांमधून आईचा हात धरून शाळेत जाणारा मुलगा, आणि तो लहान असतानाच कॅन्सरने गेलेली आई. मोठा झालेला मुलगा आईबद्दल असं लिहू शकतो हे वाचून मला दोन दिवस दुसरं काही वाचवेना.

चौथा विषय तुमचा स्वतःचा आहे, घर सोडून गेलेली मुलं. १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात साधारण दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली, आणि पुढेही शंभर वर्षं जातच राहिली. जाणारा परत दिसणार नाही हे इतकं पक्कं असायचं की निघायच्या आदल्या रात्री मयताच्या घरी बसतात तसं रात्रभर बसायचे, त्याला अमेरिकन वेक म्हणायचे, जिवंत मुलासाठी! आपल्याला हा देश लांबचा वाटतो, पण लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये होमरूल लीग काढली ती मूळ कल्पना आयर्लंडचीच, आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला.

यासाठी कॉलम टोबीन यांचं 'ब्रुकलिन', २००९. १९५० च्या आसपासचं एनिसकॉर्थी हे छोटं गाव, एलिश नावाची मुलगी, इथे नोकरी नाही म्हणून बहीण आणि आई तिला अमेरिकेला पाठवतात, तिला जायचंय का हे नीट कोणी विचारतच नाही, सगळे एकमेकांसमोर आनंदी असल्याचं दाखवत राहतात. ब्रुकलिनमध्ये दुकानात नोकरी, लॉजिंगमधली खोली, टोनी नावाचा इटालियन घरातला प्लंबर. मजेत दिवस चाललेले असतात आणि घरून पत्रं येतात, ती वाचून ही मुलगी कोसळते. ताई, तुम्ही लिहिलंत की फोनवर "जेवलास का" आणि "थंडी आहे का" याच्या पुढे गाडी जात नाही, तो सगळ्याला "मजेत" म्हणतो आणि तुम्हाला वाटतं आपण त्याला नकोशा झालो. ही पत्रांची पानं वाचा, मग बोलू. तो तुम्हाला टाळत नसेल, फोन ठेवल्यानंतरची संध्याकाळ त्याला जड जात असेल. प्रेमकथा मागणाऱ्या मैत्रिणीलाही हेच पुस्तक द्या, आणि मराठीत विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', १९३९ चं, बोटीवरचं ते थोड्या दिवसांचं प्रेम, जिने देश गमावलाय ती हॅर्टा. दोन्हीत माणूस मधल्या पाण्यावर असताना वेगळा असतो आणि किनाऱ्याला लागला की वेगळा वागतो.

राहिलं डिटेक्टिव्ह आणि प्रवास. डिटेक्टिव्हवाल्या मैत्रिणीला टॅना फ्रेंच यांचं 'इन द वूड्स', २००७, डब्लिनचे पोलीस, एका मुलीचा खून, आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचे लहानपणचे दोन मित्र त्याच जंगलात नाहीसे झालेले. भाषा फार सुंदर आहे, पण तिला आधीच सांगा की शेवटी सगळ्या गाठी सुटत नाहीत, नाहीतर ती पुस्तक फेकून मारेल. प्रवासवर्णनवालीला हाइनरिश ब्योल यांचं 'आयरिश जर्नल', १९५७. लेखक जर्मन, पुढे १९७२ मध्ये नोबेल मिळालं, युद्धाने मोडलेल्या देशातून आयर्लंडला आलेला, पाऊस, चहा, उशिरा सुटणाऱ्या गाड्या, ओस पडलेलं एक गाव. सुरुवातीलाच सांगतो की हे आयर्लंड आहे खरं, पण तुम्हाला जाऊन सापडलं नाही तर माझ्याकडे भरपाई मागू नका. छोटं पुस्तक आहे, विमानात नेता येईल. कोणाचंच वाचून झालं नसेल अशा महिन्याला शेमस हीनी यांच्या दोन कविता काढा, 'डिगिंग' आणि 'मिड-टर्म ब्रेक', मोठ्याने वाचा, पुरतं.

पुस्तकं जमवायचं म्हणाल तर मराठी सगळी अप्पा बळवंत चौकात मिळतील, आणि पुणे नगर वाचन मंदिर किंवा पुणे मराठी ग्रंथालयात कोणाचं खातं असेल तर विकत घ्यायचीही गरज नाही. इंग्रजी मात्र आठ प्रती घेऊ नका, दोन घ्या आणि फिरवा, कीगन बाईंची तर आठवड्यात दोघीजणी वाचून देतील. आणि वाचून झालं नाही म्हणून कोणी घरी बसायचं नाही हा एक नियम ठेवा, विषय ठरलेला असला की न वाचलेलीलाही बोलता येतं.

डब्लिनला जाताना पिशवीत पुस्तकांचं ओझं नेऊ नका. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात नाव घालायला पैसे लागत नाहीत आणि २०१९ पासून उशिराचा दंडही बंद केलाय, मुलाला तुम्ही पोचायच्या आधी कार्ड काढून ठेवायला सांगा. पहिल्या शनिवारी त्याच्याबरोबर जा, तुमच्यासाठी 'ब्रुकलिन' घ्या आणि त्याच्यासाठी त्याला हवं ते त्यालाच निवडू दे.